उलटी अक्षरमाला परत कशी द्यावी?

एखादा शब्द उलट क्रमाने वाचणे हे काम प्राथमिक शाळेतील मूलही हसतखेळत करते. 'करवत' ह्या शब्दाची अक्षरे शेवटाकडून वाचली की 'तवरक' होते. 'नवजीवन' हा शब्द मात्र कोणीकडूनही वाचला तरी 'नवजीवन'च राहतो. आपल्या देशात ह्या खेळाला मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकातील ज्योतिषी आणि कवी सूर्य दैवज्ञ ह्यांनी 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातील ओळी सरळ वाचल्या तर रामाची कथा सांगतात आणि त्यांचीच अक्षरे उलट वाचली तर कृष्णाची. तेथे बुद्धीचा कस लागला तो रचनेसाठी. रचलेली ओळ नुसती उलट वाचणे कोणासही जमेल.

संगणकास हेच काम सांगावयाचे झाले, आणि तेही 'सी' नावाच्या भाषेत, की एक निराळीच अडचण उभी राहते. उलटवणे तेथेही सोपे आहे. कठीण आहे ते उलटवलेला शब्द ज्याने मागितला त्याच्या हाती सुखरूप देणे. ही अडचण केवळ नवशिक्यांची आहे असे मानू नये. शब्द ठेवावयाचा कोठे, ती जागा कोणाच्या मालकीची, आणि ती कोणी केव्हा मोकळी करावयाची, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे नीट न दिल्यामुळे मोठमोठ्या आज्ञावल्या कोसळल्या आहेत, आणि परक्यांना इतरांच्या यंत्रांत शिरण्यास वाटही मिळाली आहे. शब्द उलटवणे हे त्या प्रश्नांचे सर्वांत लहान उदाहरण होय. म्हणूनच ते ह्या पुस्तिकेसाठी निवडले आहे.

उलटवण्याचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संगणकाच्या नित्याच्या व्यवहारात सापडते. यंत्राच्या पोटात १९७२ ही संख्या अंकांच्या रूपात लिहिलेली नसते. ती पडद्यावर दाखवावयाची तर तिला दहाने भागीत जावे लागते: बाकी २ उरते, मग ७, मग ९, मग १. अंक हाती येतात ते एककापासून, म्हणजे उलट क्रमाने. लिहावयाचे मात्र हजारापासून. तेव्हा अंकांची माळ तयार झाली की ती उलटवणे हा सरळ मार्ग. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची ह्यांनी १९७८ मध्ये सी भाषेवर जे पुस्तक लिहिले त्यात 'रिव्हर्स' नावाचे एक लहानसे फंक्शन नेमक्या ह्याच कामासाठी दिलेले आहे.

आता 'फंक्शन' ह्या शब्दाविषयी. गणितात ह्या शब्दासाठी 'फलन' हा प्रतिशब्द रूढ आहे, परंतु सी भाषेतील फंक्शन नेहमी एखादे फल देतेच असे नाही. पुष्कळदा ते नेमलेले काम करून मुकाट्याने परत जाते. म्हणून अनुवादात मूळ शब्दच ठेवणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. फंक्शन म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा एक गट. त्यास नावाने बोलवावे, काही मूल्ये त्याच्या हाती द्यावीत, आणि काम संपल्यावर त्याच्याकडून एक मूल्य परत घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

स्मृतीचे खण

सी भाषेचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत, १९७२ च्या सुमारास झाला. डेनिस रिची हे तिचे जनक. त्यांचे सहकारी केन टॉम्पसन ह्यांनी आधी 'बी' नावाची भाषा केली होती, आणि ती स्वतः केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स ह्यांच्या 'बीसीपीएल' ह्या भाषेवरून घेतलेली होती. ही मंडळी ज्या पीडीपी-११ यंत्रावर काम करू लागली त्याची स्मृती २४ किलोबाइट एवढीच होती; आजच्या साध्या छायाचित्रासही ती पुरणार नाही. अशा टंचाईत वाढलेल्या भाषेचा स्वभाव काटकसरी असणे साहजिक आहे. यंत्र जे आपण होऊन करीत नाही ते सी भाषाही आपण होऊन करीत नाही.

संगणकाची स्मृती ही एका लांबच लांब ओळीत मांडलेल्या खणांसारखी कल्पावी. प्रत्येक खणास क्रमांक असतो. त्यास पत्ता म्हणतात. एका खणात एक बाइट, म्हणजे ० ते २५५ पर्यंतची एक संख्या मावते. तूर्त असे समजू की प्रत्येक अक्षरास एक ठरावीक संख्या नेमलेली आहे व ते एका खणात बसते. (रोमन लिपीपुरते हे खरे आहे. देवनागरीची कथा वेगळी असून ती पुढे येईल.) मग 'करवत' हा शब्द २००० पासून २००३ पर्यंतच्या चार खणांत ठेवता येईल.

परंतु तो शब्द २००३ व्या खणात संपला हे यंत्रास कसे कळावे? बीसीपीएल भाषेत पहिल्याच खणात अक्षरांची संख्या लिहून ठेवीत. एका बाइटात फार मोठी संख्या मावत नसल्यामुळे अशा माळेच्या लांबीस मर्यादा पडे, आणि संख्या सांभाळीत बसणे गैरसोयीचेही वाटे. म्हणून बी भाषेत आणि तिच्यामागून सी भाषेत दुसरी रीत आली: शेवटच्या अक्षरानंतरच्या खणात एक समाप्तिचिन्ह लिहावयाचे. सी भाषेत ते चिन्ह म्हणजे शून्य ही संख्या. तेव्हा 'करवत' ह्या चार अक्षरांच्या शब्दास पाच खण लागतात आणि २००४ व्या खणात शून्य असते. अशा शून्याने संपणाऱ्या अक्षरमालेस 'स्ट्रिंग' म्हणतात.

ह्या एका वाढीव खणाने जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. चार अक्षरांसाठी चारच खण मागितले तर शून्य पाचव्या खणात, म्हणजे परक्याच्या जागेत जाऊन पडते. आणि शून्य लिहावयाचेच राहिले तर वाचणारे फंक्शन शेजारच्या खणांतील नको ती सामग्री वाचीत पुढे पुढे जाते, कोठेतरी शून्य भेटेपर्यंत.

दोन बोटांची रीत

आता उलटवण्याकडे वळू. डाव्या हाताचे बोट पहिल्या अक्षरावर आणि उजव्या हाताचे शेवटच्या अक्षरावर ठेवावे. त्या दोन अक्षरांची अदलाबदल करावी. मग डावे बोट एक खण पुढे आणि उजवे एक खण मागे सरकवावे. बोटे एकमेकांस भेटली किंवा ओलांडून गेली की थांबावे. 'करवत' मध्ये प्रथम 'क' आणि 'त' ह्यांची अदलाबदल होऊन 'तरवक' होते; नंतर 'र' आणि 'व' ह्यांची होऊन 'तवरक'. दोन अदलाबदलींत काम संपले. सात अक्षरांच्या शब्दास तीन लागतील, कारण मधल्या अक्षरास कोठेच जावयाचे नसते.

अदलाबदल करताना एक अक्षर क्षणभर बाजूला ठेवावे लागते, हे दोन पेल्यांतील दूध आणि ताक बदलू पाहणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. तिसरा पेला हवाच. त्यासाठी एक जादा खण पुरतो.

येथे दोन जागी पाय घसरतो. सी भाषेत मोजणी शून्यापासून होते. म्हणजे चार अक्षरांच्या शब्दात पहिले अक्षर शून्याव्या क्रमांकावर आणि शेवटचे तिसऱ्या क्रमांकावर असते. चौथ्या क्रमांकावर समाप्तिचिन्ह असते. उजवे बोट चुकून चौथ्यावर ठेवले तर पहिल्याच अदलाबदलीत शून्य सर्वांत पुढे येऊन बसते. अक्षरे सगळी जागेवर असतात, परंतु वाचणाऱ्यास पहिल्याच खणात समाप्तिचिन्ह दिसल्यामुळे तो शब्द रिकामा आहे असे समजतो. पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि विद्यार्थी तासभर भलत्याच ठिकाणी चूक शोधीत राहतो.

दुसरी चूक अधिक लपलेली आहे. शब्द मुळातच रिकामा असेल तर त्याची लांबी शून्य. उजव्या बोटाची जागा म्हणजे लांबी उणे एक. आता सी भाषेत लांबी मोजण्यासाठी जो संख्याप्रकार वापरतात त्यात ऋण संख्या नाहीतच. शून्यातून एक वजा केला की आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर उत्तर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असे येते. उजवे बोट स्मृतीच्या पार पलीकडे जाते आणि आज्ञावली कोसळते. म्हणून रिकामी स्ट्रिंग आधीच ओळखून तिला हात न लावता परत फिरणे बरे. शब्द उलटवणारे कोणतेही फंक्शन तपासावयाचे असेल तर मी प्रथम त्यास रिकामी स्ट्रिंग देऊन पाहावे असे म्हणेन; पंडिती शब्द नंतर.

पुसलेला फळा

येथवर मूळ शब्द जागच्या जागी उलटवला. आता असे समजा की मूळ शब्द तसाच राहावयास हवा आणि त्याची उलटी प्रत नव्याने हवी. विद्यार्थ्यास सहज सुचणारा मार्ग हा: फंक्शनाच्या आत पुरेशा खणांची एक ओळ मागावी, तीत शेवटापासून एकेक अक्षर उतरवावे, अखेर शून्य लिहावे, आणि ती ओळ परत करावी.

खणांच्या अशा ओळीस 'ॲरे' म्हणतात. सी भाषेतील फंक्शन एक संख्या परत करू शकते, एक अक्षर परत करू शकते, परंतु आख्खा ॲरे परत करू शकत नाही. ॲरेचे नाव घेतले की भाषा त्याच्या जागी पहिल्या खणाचा पत्ता ठेवते. म्हणजे विद्यार्थी समजतो की मी शब्द परत केला; वस्तुतः परत गेला तो शब्दाचा पत्ता. असा पत्ता ज्यात ठेवतात त्यास 'पॉइंटर' म्हणतात. आणि सगळी मेख येथेच आहे, कारण त्या पत्त्यावर आता काय आहे हे पाहावयास हवे.

फंक्शनास बोलावले की त्याच्या स्वतःच्या उपयोगासाठी स्मृतीत काही जागा नेमली जाते. एका फंक्शनाने दुसऱ्यास बोलावले, त्याने तिसऱ्यास, की ह्या जागा मडक्यांच्या उतरंडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात. त्या रचनेस 'स्टॅक' म्हणतात. तिसरे फंक्शन संपले की त्याचे मडके प्रथम निघते, मग दुसऱ्याचे. फंक्शनाच्या आत मागितलेला ॲरे ह्या मडक्यात असतो. फंक्शन परतले की मडके निघाले. पत्ता तेवढा बोलावणाऱ्याच्या हाती राहिला.

ह्यात फसवे असे काय आहे ते शाळेतील फळ्यावरून ध्यानात येईल. गणिताच्या शिक्षकांनी तास संपताना फळ्यावर उत्तर लिहिले आणि ते निघून गेले. 'उत्तर आठवीच्या वर्गातील फळ्यावर आहे' असे त्यांनी कोणास सांगितले. तो मनुष्य ताबडतोब गेला तर उत्तर त्यास सापडेलही, कारण तास संपला म्हणून फळा आपोआप पुसला जात नाही. पुढच्या तासाचे शिक्षक येऊन त्यावर इतिहासाच्या सनावळ्या लिहू लागले की मात्र अर्धे उत्तर आणि अर्धी सनावळी असे काहीतरी वाचावयास मिळेल. स्टॅकचेही असेच आहे. फंक्शन परतताना यंत्र ती जागा स्वच्छ करण्याचे कष्ट घेत नाही. ती दुसऱ्या कोणास देण्यास मोकळी आहे, एवढेच काय ते मानते. मग उलटलेला शब्द पडद्यावर छापण्यासाठी आपण छपाईच्या फंक्शनास बोलावतो, त्याचे मडके नेमके त्याच जागेवर येते, आणि छापावयाचा शब्द छपाईच्याच धामधुमीत पुसला जातो.

पुष्कळदा आज्ञावली घरच्या यंत्रावर बिनचूक चालते आणि परीक्षकांच्या यंत्रावर कचरा छापते, ते ह्यामुळे. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात अशा पत्त्याचा वापर केल्यास काय घडेल ह्याविषयी कोणतेही वचन दिलेले नाही. अशा स्थितीस 'अनिर्धारित वर्तन' म्हणता येईल. बरोबर उत्तर येणे हेही त्या अनिर्धारिततेतच मोडते, आणि माझ्या मते तोच तिचा सर्वांत वाईट प्रकार. कारण कोसळणारी आज्ञावली चूक दाखवते, चालणारी ती झाकून ठेवते. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे आजचे बहुतेक कंपायलर अशा ठिकाणी इशारा देतात. तो पत्ता आधी एखाद्या पॉइंटरात ठेवून मग परत केला तर मात्र इशारा हुकू शकतो.

जागा कोणाची?

मग शब्द परत द्यावयाचा कसा? एक रीत वर येऊन गेली: नवी जागा मुळीच घेऊ नये, बोलावणाऱ्याने दिलेल्या खणांतच उलटापालट करावी. कर्निगन-रिची ह्यांचे फंक्शन असेच आहे आणि ते काहीही परत करीत नाही. करण्याची गरजच नसते. बोर्लंड कंपनीच्या टर्बो-सी ह्या कंपायलरासोबत 'स्ट्ररेव्ह' नावाचे तयार फंक्शन येत असे. भारतातील असंख्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सी भाषेची मुळाक्षरे टर्बो-सीवर गिरवली, त्यामुळे स्ट्ररेव्ह हे भाषेचेच अंग आहे असा समज पसरला. तसे नाही. प्रमाण सी भाषेत ते कधीच नव्हते, आणि दुसऱ्या कंपायलरावर ते सापडले नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. तेही मूळ शब्दच उलटवते. जो पत्ता त्यास दिला तोच परत करते.

ह्या रीतीत एक धोंडा आहे. आज्ञावलीच्या मजकुरात अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्द यंत्र बहुधा स्मृतीच्या अशा भागात ठेवते की जेथे वाचता येते पण लिहिता येत नाही. छापील पुस्तकातील ओळ खोडरबराने पुसू पाहावी तसे होते. पॉइंटराने अशा शब्दाकडे बोट दाखवून तो उलटवू गेल्यास यंत्र आज्ञावलीस तेथेच थांबवते.

दुसरी रीत म्हणजे फंक्शनाच्या आतील ॲरेस 'स्टॅटिक' करणे. मग त्याची जागा उतरंडीत नसते; आज्ञावली सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती एकाच ठिकाणी कायम राहते. पत्ता परत केला तर तो खराच असतो. विद्यार्थ्यांस हा तोडगा फार आवडतो, कारण एक शब्द वाढवला की चूक नाहीशी होते. परंतु जागा एकच आहे. कचेरीच्या दारावरील एकुलत्या एक सूचनाफलकासारखी. पहिल्यांदा 'गज' उलटवून 'जग' मिळवले, त्याचा पत्ता जपून ठेवला. मग 'रस' उलटवला. आता दोन्ही पत्ते एकाच जागेचे असल्यामुळे दोन्हीकडे 'सर' वाचावयास मिळते. हा दोष प्रतिष्ठित फंक्शनांतही आहे. वेळ अक्षरांत लिहून देणारे 'सी-टाइम' असेच वागते. इंटरनेटवरील यंत्राचा अंकी पत्ता अक्षरांत देणारे 'इनेट-एनटोए' हेही त्याच जातीचे. दोन वेगवेगळ्या यंत्रांचे पत्ते एकाच छपाईच्या आज्ञेत मागितले तर एकच पत्ता दोनदा छापलेला दिसतो, आणि जाळ्यात बिघाड आहे असे वाटून मनुष्य तारा तपासू लागतो.

तिसरी रीत ग्रंथालयासारखी आहे. स्मृतीचा एक मोठा साठा, ज्यास 'हीप' म्हणतात, तो उतरंडीहून वेगळा असतो. 'मॅलॉक' ह्या फंक्शनाकडे इतके खण द्या अशी मागणी केली की ते तेथून खण काढून त्यांचा पत्ता देते. शब्दाच्या लांबीत एक मिळवून मागणी करावी, हे आता निराळे सांगावयास नको. ही जागा फंक्शन परतल्यावरही आपलीच राहते, परत करीपर्यंत. पत्ता बोलावणाऱ्यास दिला की जागेची मालकीही त्याच्याकडे जाते, आणि काम झाल्यावर 'फ्री' ह्या फंक्शनामार्फत ती परत करणे हे त्याचे कर्तव्य होते. ग्रंथालयाचे सर्व नियम येथे लागू पडतात. मागितलेला ग्रंथ शिल्लक नाही असे उत्तर येऊ शकते. मॅलॉक अशा वेळी एक पोकळ पत्ता देते आणि तो न तपासता त्यावर लिहू लागणे हा अविचार होय. घेतलेले ग्रंथ परतच केले नाहीत तर एक दिवस कपाटे रिकामी होतात: दिवसरात्र चालणाऱ्या आज्ञावल्या कित्येक दिवसांनी मंदावून बंद पडतात त्या पुष्कळदा ह्यामुळे. परत केलेला ग्रंथ पुन्हा वाचू जाणे, किंवा एकच ग्रंथ दोनदा परत करणे, हे तर त्याहून वाईट, कारण तेवढ्यात ती जागा दुसऱ्या कोणास दिलेली असते.

फंक्शनाच्या नावावरून ह्यांपैकी काहीही कळत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पत्ता परत करणारे फंक्शन पाहिले तर ती जागा मॅलॉकची आहे, स्टॅटिक आहे, की आपणच दिलेली आहे, हे त्याच्या मथळ्यावर लिहिलेले नसते. ते टीपेत लिहावे लागते, आणि वाचणाऱ्याने ती टीप वाचावी लागते.

चौथी रीत मला स्वतःला सर्वांत सरळ वाटते. बोलावणाऱ्याने मूळ शब्दाचा पत्ता द्यावा, उलटा शब्द जेथे हवा त्या रिकाम्या जागेचा पत्ता द्यावा, आणि त्या जागेत किती खण आहेत तेही सांगावे. फंक्शनाने जागा पुरेशी आहे की नाही ते पाहून मगच लिहावे. पुरेशी नसेल तर तसे कळवावे. जागा कोणाची हा प्रश्नच उरत नाही: ज्याची होती त्याचीच राहते.

खणांची संख्या सांगणे हा शेवटचा भाग कंटाळवाणा वाटून गाळला जातो. तो गाळल्याचे फळ २ नोव्हेंबर १९८८ रोजी जगास दिसले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस ह्याने सोडलेली एक आज्ञावली इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरली. तिच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक अशी: 'फिंगर' नावाची एक सेवा बाहेरून येणारा मजकूर 'गेट्स' ह्या फंक्शनाने वाचीत असे. गेट्सला जागेचा पत्ता तेवढा दिला जाई, लांबी सांगण्याची सोयच नव्हती. जागा होती ५१२ बाइटांची. आज्ञावलीने ५३६ बाइट पाठवले. वाढीव मजकूर उतरंडीतील शेजारच्या खणांत सांडला. फंक्शन संपल्यावर परत कोठे जावयाचे हा पत्ताही त्याच उतरंडीत असतो. तो बदलला गेला, आणि यंत्र परक्याच्या आज्ञा पाळू लागले. गेट्स हे फंक्शन २०११ च्या प्रमाणग्रंथातून काढून टाकण्यात आले. तेवीस वर्षे लागली.

(ॲरे परत करता येत नाही हे खरे, पण तोच ॲरे 'स्ट्रक्ट' नावाच्या गाठोड्यात बांधला तर ते गाठोडे मात्र परत करता येते, आणि त्याची संपूर्ण प्रत बोलावणाऱ्यास मिळते. लांबी आधीच ठरलेली असेल तर ही युक्ती वाईट नाही.)

देवनागरीचा पेच

आतापर्यंत एक अक्षर एका खणात मावते असे धरून चाललो. मराठी, हिंदी, नेपाळी लिहिणाऱ्यांस एवढ्यावर थांबता येणार नाही. आज जगातील बहुतेक मजकूर युनिकोड ह्या संकेताने क्रमांकित होतो आणि यूटीएफ-८ ह्या पद्धतीने खणांत ठेवला जातो. ही पद्धत १९९२ मध्ये केन टॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी योजिली. बी भाषेचे कर्ते टॉम्पसन ते हेच. समाप्तिचिन्हाच्या शून्याशी भांडण होऊ नये अशी व्यवस्था तीत आहे, म्हणून देवनागरी मजकूरही सी भाषेच्या स्ट्रिंगेत सुखाने राहतो. उलटवू गेले की सुख संपते.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन खण घेते. 'न' साठी २२४, १६४, १६८ असे तीन बाइट लागतात. पहिला बाइट 'येथून तीन खणांचे चिन्ह सुरू होते' असे सांगणारा. उरलेले दोन, १२८ ते १९१ ह्या टप्प्यातले, केवळ मागून चालणारे. दोन बोटांच्या रीतीने उलटवल्यास क्रम १६८, १६४, २२४ होतो. म्हणजे मागून चालणारा पुढे आला. असा मजकूर वाचताच येत नाही, आणि पडद्यावर चौकोन व प्रश्नचिन्हे उमटतात. 'नयन' हा शब्द डोळ्यांना दोन्हीकडून सारखाच दिसतो, तरी ह्या रीतीने त्याचाही चुराडा होतो.

बरे, तीन-तीन खणांचे गट शाबूत ठेवून चिन्हे उलटवली तर? तेही पुरत नाही. युनिकोडात मात्रा, वेलांटी, उकार ही स्वतंत्र चिन्हे असून ती व्यंजनाच्या मागून येतात. 'नवजीवन' मध्ये न, व, ज, दीर्घ वेलांटी, व, न अशी सहा चिन्हे आहेत. उलटवल्यावर वेलांटी आपल्या 'ज' ला सोडून त्याच्या आधी आलेल्या 'व' ला चिकटते आणि 'नवीजवन' असा शब्द तयार होतो. 'क्षितिज' चे तर 'जितिष्क' होते: वेलांट्या सरकतात, आणि 'क्ष' मधील 'क' व 'ष' जागा बदलून 'ष्क' असे भलतेच जोडाक्षर उभे राहते. कोशात नसलेला तरीही उच्चारता येणारा शब्द. त्यामुळे चूक लगेच ध्यानातही येत नाही.

आपण ज्यास अक्षर म्हणतो ते म्हणजे व्यंजन किंवा जोडाक्षर, त्याचा स्वर, आणि असल्यास अनुस्वार वा विसर्ग, हे सगळे मिळून. सूर्य दैवज्ञांनी ओळी उलटवल्या त्या ह्याच एककाने. युनिकोडच्या नियमांनी मात्रांना व्यंजनाशी बांधून ठेवले होते, परंतु 'क्ष' सारख्या जोडाक्षरांचे दोन तुकडे पडत असत. २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ व्या आवृत्तीपासून देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरेही एकसंध मानली जातात. मराठीत 'दऱ्या', 'वाऱ्यावर' ह्या शब्दांत येणारा 'ऱ' तर दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालील नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. वाचणाऱ्यास दोन्ही सारखेच दिसतात. खण मोजणाऱ्यास नाही.

अक्षरांच्या सीमा एकदा ठरल्या की उलटवण्यासाठी जादा जागेची गरज नाही. ह्यासाठी एक सुरेख युक्ती आहे. प्रथम प्रत्येक अक्षराचे बाइट त्याच्या त्याच्यापुरते उलटवावेत, आणि मग सबंध स्ट्रिंग दोन बोटांच्या रीतीने उलटवावी. अक्षरांचा क्रम एकदाच उलटतो, परंतु अक्षराच्या आतील बाइट दोनदा उलटल्यामुळे पुन्हा सरळ होतात. 'क्षितिज' मध्ये 'क्षि' बारा खणांचे, 'ति' सहा खणांचे आणि 'ज' तीन खणांचे. पहिल्या फेरीत हे तिन्ही गट आतल्या आत उलटे होतात आणि शब्द वाचण्याजोगा राहत नाही. दुसऱ्या फेरीत एकवीस खण एकत्र उलटले की 'जतिक्षि' बाहेर येते, वेलांट्या आणि जोडाक्षर जागच्या जागी ठेवून. बाविसाव्या खणातील शून्य ह्या दोन्ही फेऱ्यांत आपल्या जागेवरून हलत नाही.